फळीवरची फरशी

बर्डीच्या मेन रोडवर चालताना सगळ्यांची नजर दुकानांवर असते. क्षणभर मान वर केली, तर अजूनही मधूनमधून जुन्या घरांचे वरचे मजले दिसतात. खाली कापडाचं नाहीतर चपलांचं दुकान, वर लाकडी कठड्याची गॅलरी आणि तिच्या मागे एखादं बिऱ्हाड. या बिऱ्हाडाच्या पायाखाली स्लॅब नसतो. भिंतीत रोवलेले सागवानी मयाल, मयालांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या, एवढाच त्यांच्या घराचा तळ.

अशाच एका घरातून आमच्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे. सासूबाईंचे, म्हणजे अम्मींचे, गुडघे कामातून गेले आहेत. न्हाणी खाली मागच्या अंगाला. वुजूसाठी दिवसातून पाच वेळा तो अरुंद जिना उतरणं-चढणं आता त्यांना जमत नाही. म्हणून वरच्या मागच्या खोलीत न्हाणी आणि तिला लागून छोटं स्वयंपाकघर करायचं ठरलं आहे. मिस्त्री म्हणतो, “फळ्यांवर प्लास्टिकचा कागद टाकू, त्यावर दोन इंच माल, त्यावर टाइल्स. चार दिवसांत हातात देतो.” करावं का?

मिस्त्री सांगतो तसं करू नये. वर न्हाणी होऊ शकते, पण टाइल्स विकत घ्यायच्या आधी जे काम करावं लागेल ते टाइल्स बसवण्याच्या कामापेक्षा मोठं आहे. आणि ते काम करताना कड्या सडलेल्या निघाल्या, तर न्हाणीचा बेत तिथेच थांबवावा लागेल. हे आधीच सांगितलेलं बरं.

जुन्या लोकांनी न्हाणी खाली का ठेवली, याचा विचार केला तर अर्धं उत्तर मिळतं. त्यांना वर पाणी चढवण्याचा कंटाळा होता, हे तर खरंच. पण लाकडावर रोज पाणी ओतायचं नसतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून मोरी, न्हाणी, भांडी घासायची जागा हे सगळं जमिनीवर, मागच्या अंगणात. वरचा मजला झोपायला, धान्य ठेवायला, पाहुण्यांना बसवायला. पुढे खालचा भाग दुकानांना गेला, कुटुंब वर सरकलं, नळ वर आला, आणि जे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या कोरडं राहिलं होतं त्याच्यावर आता आपण बादल्या रिकाम्या करायला निघालो आहोत.

लाकूड कापल्यावरही हलायचं थांबत नाही. हवेत ओल असली की ते ती पितं आणि फुगतं, हवा सुकली की आकसतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच, तो रुंदीत असतो. नागपूरच्या हवेइतकी लाकडाची परीक्षा घेणारी हवा थोडी. मे महिन्यातल्या दुपारी पारा पंचेचाळिशीच्या घरात आणि हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास. ऑगस्टातल्या सकाळी तीच आर्द्रता ऐंशीच्या वर. एवढ्या फरकाने सहा इंच रुंदीची फळी वर्षात एक ते दोन मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. पाच फुटांच्या खोलीत अशा दहा फळ्या शेजारी शेजारी असतात. उन्हाळ्यात त्यांच्यातल्या फटींतून खालच्या दुकानातला उजेड दिसतो आणि पावसाळ्यात त्याच फटी मिटतात, हे बर्डीच्या अशा घरांतल्या पोरांनाही माहीत असतं. उलट टाइल ही भाजलेली माती. ती हवेने फुगत नाही, वाकत नाही. तिच्यापुढे दोनच रस्ते: जागेवर राहणं किंवा तडकणं.

म्हणजे वर न हलणारी वस्तू, खाली सतत हलणारी वस्तू आणि मध्ये सिमेंट. सिमेंटला लाकूड धरता येत नाही. कोरडी फळी मालातलं पाणी शोषून घेते, त्यामुळे सिमेंट कच्चं राहतं. तेच पाणी पिऊन फळी फुगते आणि महिनाभराने सुकून सुटी होते. सागवानाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या अंगात नैसर्गिक तेल असतं, म्हणून तर वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण त्या तेलामुळेच त्याच्यावर काही नीट चिकटतही नाही. बल्लारशा-आलापल्लीकडचं सागवान म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, ते टाइलसाठी चिकटायला सगळ्यात अवघड लाकडांपैकी एक आहे. मिस्त्रीने सुचवलेला प्लास्टिकचा कागद फळीला वरच्या पाण्यापासून काही दिवस वाचवेल. पण टाइलच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी त्या कागदावर साठून राहील आणि ज्या पहिल्या खिळ्याने किंवा घडीने कागद फाटला असेल, तिथून कडीवर ठिबकत राहील.

आता वजन. सिमेंट-रेतीच्या मालाचा दोन इंच थर एका चौरस फुटाला सुमारे दहा किलो भरतो. न्हाणी पाच बाय सात फुटांची धरली, तर पस्तीस चौरस फुटांत साडेतीनशे किलो नुसता माल. टाइल्स आणखी साठ-सत्तर किलो. म्हणजे अम्मींनी आत पाऊल टाकायच्या आधी चारशे किलोंवर ओझं कड्यांवर कायमचं बसलं. त्यात कोपऱ्यात दोनशे लिटरचा पाण्याचा ड्रम ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, तो भरला की दोनशे किलो. आज नवीन घर बांधताना खोलीवर माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार येईल असं धरून हिशेब करतात. जुन्या घराचा असा हिशेब कुणी कागदावर केलेला नसतो. सुताराने नजरेने कडी निवडली आणि बसवली. तिने इतकी वर्षं तोललं, ही तिची मेहेरबानी. नवं ओझं ती तोलेलच असं धरून चालू नये.

म्हणून पहिलं काम मिस्त्रीचं नाही, सुताराचं आणि इंजिनिअरचं. लाकडी बांधकाम समजणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर एकदा घरी आणा. त्याची फी टाइल्सच्या दोन-चार पेट्यांच्या किमतीची वाटेल आणि जड जाईल, पण हा खर्च टाळू नका. तो येण्याआधी घरच्या घरी काही गोष्टी बघून ठेवता येतात. खोलीच्या एका कोपऱ्यातल्या दोन-तीन फळ्या उचलून कड्यांवर जुना स्क्रू-ड्रायव्हर किंवा सुतळी शिवायचा दाभण दाबून बघा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं. ते सहज आत गेलं, लाकूड भुसभुशीत लागलं, तर ते सडलं आहे. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज म्हणजे आत पोकळी. सगळ्यात जास्त लक्ष कडीच्या आणि मयालाच्या त्या टोकांकडे द्या, जी भिंतीत गेलेली आहेत. मधला भाग ठणठणीत असतो आणि भिंतीतलं टोक ओलीने पीठ झालेलं असतं, हे नेहमीचं दुखणं. मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती उधळी, म्हणजे वाळवी. सागवान वाचलं असेल, पण नंतर कुणी दुरुस्तीत आंब्याची किंवा पॅकिंगच्या खोक्यांची फळी घातली असेल, तर ती तिने नक्की शोधली असणार.

दुसरी परीक्षा लवचीकपणाची. खोलीच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेली ताटली ठेवा आणि घरातल्या धिप्पाड माणसाला तिच्याजवळून चालायला सांगा. पाणी हिंदकळून सांडलं तर तळ नाचतो आहे. हा झाला अंदाज. इंजिनिअर जो नियम लावतात तो असा: कडीची जेवढी लांबी, तिच्या ३६० व्या भागापेक्षा ती भाराखाली जास्त वाकता कामा नये. तीन मीटरच्या कडीला ही मर्यादा सुमारे आठ मिलिमीटर. आणि टाइलऐवजी कडप्पा, कोटा किंवा संगमरवर घालायचा असेल, तर मर्यादा निम्मी, म्हणजे चार मिलिमीटर, कारण दगड टाइलपेक्षाही आधी तडकतो. अमेरिकेत, कॅनडात बहुतेक घरं लाकडी सांगाड्याचीच असतात आणि त्यांच्या न्हाण्यांमध्ये सर्रास टाइल्स असतात. तिकडचे टाइल बसवणारे हाच हिशेब धरतात. तिकडे राहणाऱ्या आपल्या लेकी-सुनांच्या घरी व्हिडिओ कॉलवर लाकडी मजल्यावरची चकचकीत न्हाणी बघून “त्यांना जमतं, मग आपल्याला का नाही?” असं विचारणाऱ्यांना आम्ही सांगू की त्यांनाही ते तसं जमत नाही. त्यांच्या टाइलखाली प्लाय आहे, प्लायवर वेगळी पाटी किंवा चटई आहे, आणि तिथे माणसं जमिनीवर बादलीने पाणी ओतून आंघोळ करत नाहीत. आपली न्हाणी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त भिजते.

कड्या चांगल्या आहेत पण नाचतात, असं निघालं तर इलाज आहे. जुन्या कडीला चिकटून नवी कडी किंवा लोखंडी चॅनेल लावून दोन्ही नट-बोल्टने आवळतात. दोन कड्यांमधलं अंतर फार असेल तर मध्ये आडवे ठोकळे ठोकतात. नव्या कडीसाठी लकडगंजात गेलात तर ओलं लाकूड घेऊ नका. स्वस्त मिळतं, पण तुमच्या टाइलखाली ते वर्षभर सुकत, पिळत राहील. शक्य असेल तर पाडलेल्या घराचं जुनं सागवान शोधा, त्याचं आकसणं केव्हाच होऊन गेलेलं असतं.

यानंतर फळ्या. मूळ फळ्यांवर टाइल चिकटवायची नाहीच, हे एकदा मनाशी पक्कं करा. फळ्या चांगल्या असतील तर त्या जागेवर राहू द्या, पण त्यांचे जुने खिळे उपटून प्रत्येक कडीवर स्क्रूने आवळा. खिळा वर येतो, स्क्रू येत नाही. करकर वाजणारी प्रत्येक फळी आत्ताच गप्प करायची. त्यावर १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीचा मरीन प्लाय, ज्यावर आय.एस. ७१० हा क्रमांक आणि आय.एस.आय. शिक्का असतो. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून साधा कमर्शियल प्लायही गळ्यात मारतात, शिक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पत्रे आणल्यावर चार-पाच दिवस त्याच खोलीत उभे ठेवा, म्हणजे त्यांना तिथल्या हवेची सवय होते. बसवताना दोन पत्र्यांमध्ये तीन मिलिमीटरची फट सोडायची आणि भिंतीजवळ पाच-सहा मिलिमीटरची. सुताराला ही फट आवडत नाही. गच्च बसवण्यात त्याला कसब वाटतं, आणि ते कसब कपाटात वाटायलाच हवं, पण इथे गच्च बसलेला प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगून कमान करेल. पत्र्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका, विटेच्या बांधकामासारखे आडवेतिडवे ठेवा. कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सी प्रायमर किंवा निदान जाड वॉटरप्रूफ रंग फासा. प्लाय पाणी पितो तो कडेने.

प्लायवर सिमेंट बोर्ड. बायसन पॅनेल किंवा फायबर सिमेंट बोर्ड या नावाने मागितलं की मिळतो. तो आठ-दहा मिलिमीटरचा चालेल. हा बोर्ड मजला मजबूत करत नाही, ते काम खालच्या कड्यांचं आणि प्लायचं. टाइलला धरायला सिमेंटच्या जातीचं काहीतरी मिळावं, एवढ्यासाठीच तो असतो. त्याच्याखाली टाइल अ‍ॅडहेसिव्हचा पातळ थर पसरून वरून दर वीस सेंटिमीटरवर गंज न चढणारा स्क्रू. सांध्यांवर जाळीची पट्टी लावून ती अ‍ॅडहेसिव्हने भरायची. हे सगळं मिळून, टाइलसकट, एका चौरस फुटाला पाच किलोंच्या आसपास ओझं होतं. मिस्त्रीच्या पद्धतीत ते बारा होतं. पस्तीस चौरस फुटांच्या न्हाणीत हा फरक अडीचशे किलोंचा आहे.

उतार मात्र टाइल बसवताना अ‍ॅडहेसिव्ह कमीजास्त करून काढता येत नाही. तो सुतारकामातच काढावा लागतो. कड्यांवर निमुळत्या पट्ट्या ठोकून प्लायच तिरका बसवायचा, जाळीच्या दिशेने दर फुटाला तीन-चार मिलिमीटर. नहाणी ट्रॅप दोन कड्यांच्या मध्ये येईल अशीच जागा निवडा. ट्रॅपला जागा करायला कडीला खाच मारू, असं प्लंबर म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. कडीच्या तळाला मारलेली एक खाच तिची अर्धी ताकद घालवू शकते. न्हाणी एक फूट सरकली तर बिघडत नाही.

आता पाणीबंदी, ज्यावर आमच्या मते सगळ्यात जास्त पैसे खर्च व्हायला हवेत आणि ज्याच्यावर सगळ्यात कमी होतात. टाइल आणि तिच्यातलं ग्राउट पाणी अडवत नाहीत. इपॉक्सी ग्राउट बऱ्यापैकी अडवतं, तरी त्याच्या भरवशावर लाकूड सोडायचं नाही. सिमेंट बोर्डवर लवचीक वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे, पहिला उभा तर दुसरा आडवा. जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात जाळीची पट्टी. हा लेप भिंतीवर निदान दीड फूट चढवा, आणि जिथे बसून आंघोळ होते, वुजू होतो, तिथे चार-पाच फूट. लेप ट्रॅपच्या तोंडात आतपर्यंत उतरला पाहिजे, कारण गळती नव्वद वेळा तिथूनच सुरू होते. उंबऱ्याला विसरू नका. न्हाणीचा तळ स्वयंपाकघराच्या तळापेक्षा खाली ठेवता आला तर उत्तम, नाहीतर दारात दोन इंचांचा उंबरा घालून लेप त्याच्यावरून न्या. अम्मींच्या पायाला तो अडणार असेल, तर उंबऱ्याला आतबाहेर उतार द्या आणि शेजारी भिंतीला धरायला नळी लावा. त्या नळीसाठी बोर्डमागे लाकडी ठोकळा आधीच बसवून ठेवावा लागतो. नंतर ड्रिल मारलं तर लेपाला भोक पडतं.

लेप वाळला की ट्रॅपचं तोंड बंद करून एक इंच पाणी भरा आणि चोवीस तास तसंच ठेवा. स्लॅबवर लोक चार इंच भरतात. इथे तसं करू नका, एक इंच पाणीच चौरस फुटाला सव्वादोन किलोंहून जास्त वजन टाकतं. दुसऱ्या दिवशी खाली उतरून टॉर्चने प्रत्येक कडी बघा. त्यासाठी खालच्या दुकानदाराला आधी सांगावं लागेल, आणि तिथेच या कामाची खरी नाजूक बाजू आहे.

बर्डीतल्या दुकानांना हल्ली पीओपीचं छत असतं. वरून पाणी गळायला लागलं तर ते त्या छताच्या वरच्या पोकळीत, कुणाला न दिसता, कडीला भिजवत राहतं. पांढऱ्या छतावर पिवळा डाग उमटतो तेव्हा वर्ष-दोन वर्षं उलटून गेलेली असतात. खाली दिवसभर गिऱ्हाईक बसलेलं असतं, मुलं असतात. शेजाऱ्याचा हक्क म्हणून आपण मशिदीत जे ऐकतो, ते इथे फार साध्या रूपात समोर येतं: आपल्या ट्रॅपखाली, त्याच्या छतात, दीड फुटाचा एक झाकणाचा चौकोन ठेवायचा. त्याचा खर्च आपण करायचा. आणि दर सहा महिन्यांनी ते झाकण उघडून आपण बघायचं. दुकानदार कुरकुर करेल. त्याला सांगा की तुझं दुकान कोसळू नये म्हणून आम्ही हे विचारतो आहोत.

घर भाड्याचं असेल तर कायदाही बघायला हवा, कारण बर्डीतली बरीच जुनी बिऱ्हाडं भाडेकरूंची आहेत. विदर्भात आधी सी.पी. अँड बेरारचा १९४९ चा आदेश होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने कायमचं बांधकाम केलं तर ते घर खाली करायला लावण्याचं कारण ठरू शकतं, असं त्याच्या कलम १६ मध्ये आहे. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात काही कामांना मालकाची परवानगी लागत नाही, अशी यादी दिली आहे. तिच्यात लाकडी पार्टिशन आहे, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा आहे, खिडकी आहे, धुराडं आहे. न्हाणी नाही. तेव्हा स्वयंपाकाचा ओटा मालकाच्या परवानगीशिवाय करता येईल, न्हाणीसाठी मालकाची सही घ्या, तीही काम सुरू होण्याआधी आणि कागदावर. मालक जुना, घरोब्याचा असला तरी घ्या. त्याच्या मुलांशी उद्या घरोबा असेलच असं नाही.

टाइल्सबद्दल थोडक्यात. मोठ्या, दोन बाय दोनच्या गुळगुळीत टाइल्स दुकानात फार देखण्या दिसतात, पण लाकडी तळावर एक फुटाच्या किंवा त्याहून लहान घ्या. लहान टाइलला सांधे जास्त आणि थोडी हालचाल सांध्यांत मुरते. वरून खरखरीत, मॅट हव्यात. साबणाच्या पाण्यात गुळगुळीत टाइलवर म्हातारं माणूस घसरलं तर मोडलेल्या खुब्यापुढे सगळा हिशेब व्यर्थ. अ‍ॅडहेसिव्हच्या पोत्यावर आय.एस. १५४७७ हा क्रमांक आणि त्याबरोबर ‘एस १’ किंवा ‘एस २’ हे अक्षर-अंक बघा. ‘एस’ म्हणजे वाळल्यावरही थोडं वाकणारं. साधं, स्वस्त अ‍ॅडहेसिव्ह इथे चालणार नाही आणि नुसती सिमेंटची लापशी तर अजिबात नाही. दाते असलेल्या करणीने पसरवायचं, टाइलच्या पाठीलाही थोडं लावायचं. टाइलच्या मध्यभागी पाच लाडू ठेवून ती ठोकून बसवायची आपल्या मिस्त्र्यांची जुनी सवय आहे. त्या लाडवांमधली पोकळी म्हणजे देग हातातून निसटली की फुटणारी टाइल, आणि तोवर पाणी साठून कुबट वास सोडणारा खड्डा. पहिल्या दोन टाइल्स बसवल्या की एक उचलून मागे बघा. सगळी पाठ भरलेली दिसली पाहिजे. मिस्त्री नाराज होईल, होऊ द्या. भिंतीच्या कडेने सगळीकडे पाच मिलिमीटरची फट सोडून ती ग्राउटने न भरता सिलिकॉनने भरा.

स्वयंपाकघराच्या जमिनीला एवढा सोस हवाच असं नाही. तिथे पाणी सांडतं, ओतलं जात नाही. प्लाय आणि त्यावर चांगल्या प्रतीचा विनाइलचा गालिचा टाकला, कडा चिकटवल्या, तर दहा-बारा वर्षं निघतात आणि वजन जवळजवळ काहीच नाही. टाइलचा हट्ट असेल तर न्हाणीसारखीच तयारी, फक्त पाणीबंदीचा लेप सिंकच्या आणि मोरीच्या भोवती पुरे. ओट्यामागची भिंत फळीची असेल तर तिच्यावर थेट काहीही चिकटवू नका, मग तिला ऑइल पेंट असो की सनमायका. उभ्या पट्ट्या ठोकून त्यावर बारा मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड, मागे हवेला थोडी जागा, आणि बोर्डवर टाइल. शेगडीमागे हे दुहेरी कामाचं आहे. फळीच्या भिंतीला ज्वाळेची धग रोज लागणं बरं नव्हे. ओटा प्लायचा करून त्यावर ग्रॅनाइट टाकणार असाल, तर सिंकसाठी कापलेल्या भोकाची प्लायची कड लेपाने बंद केल्याशिवाय सिंक बसवू देऊ नका. ओटे सडतात ते तिथूनच.

कधी करायचं? लाकूड मे महिन्यात सगळ्यात आकसलेलं असतं आणि ऑगस्टात सगळ्यात फुगलेलं. या दोन्ही टोकांना टाइल बसवली, तर पुढची सगळी हालचाल एकाच दिशेने होते. मधले महिने चांगले: ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. ईदच्या आधी घर तयार हवं, हा आपल्याकडचा नेहमीचा घाईचा मुहूर्त. पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, कधी थंडीत येते, कधी भर पावसाळ्यात. लाकडाला तिचं कॅलेंडर कळत नाही. आणि मिस्त्रीने सांगितलेले चार दिवस विसरा. सुतारकाम, लेप वाळणं, पाणी भरून बघणं, टाइल, मग ग्राउट, असे तीन आठवडे धरा. शेवटच्या ग्राउटनंतरही तीन-चार दिवस न्हाणी कोरडी ठेवायची आहे.

भगिनींनी सोबत खोलीची मापं आणि कड्यांचे दोन फोटो पाठवले आहेत. मागच्या भिंतीकडच्या तिसऱ्या कडीच्या टोकाशी काळपट डाग दिसतो, आणि त्याच्या वर बाहेरच्या बाजूने पावसाळी पाण्याची नळी उतरते. आधी ती नळी दुरुस्त करा, मग कडीचं टोक उघडून इंजिनिअरला दाखवा. टोक शाबूत निघालं तर वर लिहिल्याप्रमाणे सुरुवात करायला हरकत नाही. टोक गेलेलं असेल, तर वरच्या न्हाणीऐवजी आम्ही दुसरं सुचवू: अम्मींची खोलीच खाली मागच्या अंगाला करायची, जिथे आज शिवणयंत्र आणि धान्याच्या कोठ्या आहेत. न्हाणी तिथून चार पावलांवर आहे आणि तिच्या खाली जमीन आहे. कोठ्या वर चढवायला घरात दोन तरणे मुलगे आहेतच, फक्त त्या नव्या ओझ्यासाठी वरच्या कड्यांची तपासणी करून घ्या, आणि कोठ्या खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, कड्यांच्या टोकांशी ठेवा, पण त्या तिसऱ्या कडीवर नको.